वेळेचे अनुदान : सैद्धान्तिक संगणकशास्त्रातील संशोधक विद्यार्थी आणि आपल्या अधिछात्रवृत्ती योजना

प्रस्तावना

संशोधन प्रकल्पाच्या अर्जातील खर्चाचा तक्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पुस्तके व नियतकालिके, उपकरणे, रसायने व काचसामान, क्षेत्रकार्य व प्रवास, आकस्मिक खर्च असे त्याचे रकाने असतात. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने एका संस्थेकडे असाच एक प्रस्ताव पाठविला होता. विषय आलेखांच्या रंगभरणाचा होता. त्यावर काम करू इच्छिणारा विद्यार्थी कळंब तालुक्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, गणितात एम.एस्सी. झालेला. उपकरणांच्या रकान्यात शून्य लिहिले, रसायनांच्या रकान्यातही शून्य लिहिले आणि 'अन्य' या रकान्यात विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे निर्वाहवेतन मागितले. प्रस्ताव परत आला. खर्चाचा तपशील अपूर्ण असून मागितलेली बाब अनुज्ञेय नाही, असा शेरा त्यावर होता. शून्य हाही एक तपशील असू शकतो, हे तपासणाऱ्यास पटले नसावे.

या अनुभवाची तक्रार मांडणे हा येथे हेतू नाही. त्या शेऱ्यामागे जी दृष्टी आहे ती एका कार्यालयापुरती मर्यादित नाही. अल्गोरिदम आणि सैद्धान्तिक संगणकशास्त्र या क्षेत्रातील संशोधनास यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही. लागतो तो विद्यार्थ्याचा सलग, निर्वेध वेळ. आपल्या अनुदान योजना मात्र वस्तू विकत घेण्यासाठी घडविलेल्या आहेत आणि वेळ विकत घेण्याच्या बाबतीत त्या अत्यंत संकोची, तुटक व विषम आहेत. परिणामी जे संशोधन सर्वांत स्वस्त, तेच लहान गावातील विद्यार्थ्याला सर्वांत दुर्लभ झाले आहे. प्रस्तुत लेखात हे म्हणणे काही योजनांच्या आधारे तपासून पाहिले आहे.

विषयाचे स्वरूप

हे नियतकालिक अनेक विद्याशाखांचे असल्याने प्रथम विषयाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात काम केलेल्या कोणाही प्राध्यापकास वेळापत्रकाची अडचण ठाऊक असते. ज्या दोन विषयांना एकही विद्यार्थी समान आहे, त्यांचे पेपर एकाच वेळी ठेवता येत नाहीत. प्रत्येक विषयासाठी एक बिंदू काढावा, समान विद्यार्थी असणारे बिंदू रेषेने जोडावेत आणि जोडलेल्या बिंदूंना एकच रंग येणार नाही अशा रीतीने कमीत कमी रंग वापरावेत. जितके रंग तितकी सत्रे. दहा विषयांसाठी हे काम हाताने होते. विषय शेकड्यांनी वाढले की संगणक कितीही वेगवान असला तरी सर्व शक्यता तपासणे अशक्य होते. मग प्रश्न उरतो तो असा : याहून शहाणी रीत अस्तित्वात आहे काय, आणि नसल्यास ती नाही हे सिद्ध करता येईल काय? सैद्धान्तिक संगणकशास्त्र हे मुख्यतः याच दोन प्रश्नांचे शास्त्र होय. 'संगणक'शास्त्र या नावामुळे त्यास संगणकांची प्रयोगशाळा लागते असा समज होतो. वस्तुतः ते गणिताच्या कुळातील आहे.

अशा संशोधनाचा खर्च किती असतो, याचे आपल्या देशातील ठळक उदाहरण २००२ सालचे आहे. दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीपूर्वक आणि कार्यक्षम वेळेत ठरविणारी रीत त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूर येथील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी जाहीर केली. दोघेही विद्यार्थी तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते आणि या कामाचा आरंभ त्यांच्या पदवी प्रकल्पात होता. हा निबंध २००४ साली 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ साली त्यास गोडेल पारितोषिक मिळाले. या शोधास कोणतेही यंत्र लागले नाही. लागला तो एक जाणता मार्गदर्शक, एक ग्रंथालय आणि पोटापाण्याची चिंता नसलेली दोन तरुण डोकी. यांतील शेवटची बाब खर्चाच्या तक्त्यात कोठे बसते, हाच आपला प्रश्न आहे.

मराठी वाचकास अधिक जवळचे नाव नरेंद्र करमरकर यांचे. १९७८ साली आयआयटी मुंबईतून बी.टेक. झाल्यावर ते अमेरिकेत गेले, १९८३ साली बर्कली येथे रिचर्ड कार्प यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. झाले आणि १९८४ साली बेल प्रयोगशाळेत असताना त्यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगची नवी रीत मांडली. त्या रीतीवर आधारलेली 'कॉर्बेक्स' ही प्रणाली पुढे सुमारे ८९ लाख डॉलर किमतीस विक्रीला आली. केतन मुळमुळे यांचा मार्गही असाच पवईहून परदेशी गेला. १९८५ च्या त्यांच्या कार्नेगी मेलन येथील प्रबंधास एसीएम या संस्थेचा प्रबंध पुरस्कार लाभला. ही नावे अभिमानाने घेण्याची आपल्याकडे प्रथा आहे. दोघांची पदवी महाराष्ट्रातील आणि पीएच.डी. मात्र जेथे संशोधक विद्यार्थ्यास अध्यापन वा संशोधन साहाय्यक म्हणून नियमित वेतन मिळते अशा विद्यापीठांतील, ही गोष्ट अभिमानाच्या भरात नजरेआड होते.

यंत्राला मोकळा हात

शासन संगणकशास्त्रावर खर्च करीत नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. ती खरोखरच मोठी कामगिरी होती. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियानास ४,५०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'इंडिया एआय' अभियानाची तरतूद १०,३७१.९२ कोटी रुपयांची असून तिचा मोठा भाग संगणनक्षमता उभी करण्यासाठी आहे.

येथे एक साधा हिशेब मांडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ (एसआरएफ) ४२,००० रुपये झाली. दोन वर्षे पहिली व तीन वर्षे दुसरी धरल्यास एका विद्यार्थ्याची पाच वर्षे, घरभाडे सोडून, नेमक्या २४ लाख रुपयांत होतात. महासंगणन अभियानाच्या तरतुदीत या दराने १८,७५० विद्यार्थी पाच वर्षे पोसले गेले असते. महासंगणक घेऊ नयेत असा याचा अर्थ नाही. हवामानाच्या अंदाजाला ते लागतातच. परंतु यंत्रावर कार्यक्षम रीत चालवायची असेल तर ती कोणीतरी शोधावी लागते, आणि शोधणाऱ्याचा खर्च यंत्राच्या तुलनेत नगण्य आहे, एवढे या आकड्यांवरून दिसते.

अधिछात्रवृत्तींची उतरंड

जेआरएफच्या रकमेत गेल्या पंधरा वर्षांत वाढ झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१० साली १६,०००, २०१४ साली २५,०००, २०१९ साली ३१,००० आणि २०२३ पासून ३७,००० असा तिचा क्रम आहे. मात्र प्रत्येक वाढीपूर्वी विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावे लागले. तसेच ती मिळण्याची वाट अरुंद आहे. सीएसआयआरच्या नेट परीक्षेत गणित आहे, भौतिकशास्त्र आहे, संगणकशास्त्र नाही. ते आयोगाच्या नेट परीक्षेत 'संगणकशास्त्र व उपयोजन' या नावाने येते. त्या परीक्षेत अल्गोरिदमबरोबरच सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, जालव्यवस्था, डेटाबेस अशा अनेक विषयांवरील बहुपर्यायी प्रश्न असतात. सिद्धता रचण्याची क्षमता बहुपर्यायी प्रश्नातून कशी मोजावयाची, हे कोडे प्रस्तुत लेखकास तरी सुटलेले नाही.

नेट न उत्तीर्ण झालेल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना दरमहा ८,००० रुपये देणारी आयोगाची योजना केंद्रीय विद्यापीठांपुरती होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा दिल्लीत मोठे आंदोलन उभे राहिले. आमच्या भागात त्याचे पडसाद फारसे उमटले नाहीत, कारण जे कधी मिळालेच नव्हते ते जाण्याचे दुःख कोणाला होणार? शेजारच्या वर्ध्यातील केंद्रीय हिंदी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला ती रक्कम लागू होती. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात नोंदणी केलेल्या कळंबच्या विद्यार्थ्याला नव्हती. दोघांच्या गावांमध्ये फार अंतर नाही. दोघांच्या खानावळीचे दरही वेगळे नसावेत.

२०१८ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीने ही दरी अधिक रुंद केली. तिच्या रचनेनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि पुढील दोन वर्षे ८०,००० रुपये, शिवाय वर्षाला दोन लाखांचे संशोधन अनुदान. पाच वर्षांचे केवळ वेतनच ४५ लाख होते. योजना निःसंशय चांगली आहे. ती आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था व तत्सम निवडक संस्थांपुरती आहे, ही तिची मर्यादा. जेथे वातावरण, ग्रंथालय व मार्गदर्शक अगोदरच आहेत तेथे जवळजवळ दुप्पट वेतन आणि जेथे यांपैकी काहीच नाही तेथे बहुधा शून्य, असे हे वाटप झाले. या अधिछात्रांनी आठवड्यातून एकदा जवळच्या तंत्रनिकेतनात वा महाविद्यालयात शिकवावे अशी अट तीत आहे. म्हणजे लहान संस्थांची आठवण योजनाकारांना झाली होती. पण ती विद्यार्थी घडविणाऱ्या संस्था म्हणून नव्हे, शिकवून घेणाऱ्या संस्था म्हणून.

सैद्धान्तिक विषयांची वेगळी गरज एकदा तरी ओळखली गेली होती. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाने २०१७ साली 'मॅट्रिक्स' ही योजना गणित व सैद्धान्तिक विज्ञानांसाठी सुरू केली. तीन वर्षे, वर्षाला दोन लाख रुपये, अवजड अंदाजपत्रकाची कटकट नाही. 'शून्य उपकरणे' लिहिणाऱ्याला येथे प्रथमच सन्मान मिळाला. तथापि त्या वेळी जेआरएफ दरमहा २५,००० म्हणजे वर्षाला तीन लाख होती. दोन लाखांच्या अनुदानातून एकही विद्यार्थी ठेवता येणे शक्य नव्हते. अध्यापकाचा प्रवास झाला, पुस्तके आली, परिषदा झाल्या. विद्यार्थी मात्र पुन्हा बाहेरच राहिला. मंडळाचे काम आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे गेले आहे. या प्रतिष्ठानने तरी ही त्रुटी दूर करावी, अशी अपेक्षा अनाठायी नाही. टीसीएससारख्या कंपन्यांच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठीच्या योजना आहेत, पण त्यांचाही प्रवाह मोठ्या संस्थांकडेच वाहतो.

राज्यातील संस्था

या पार्श्वभूमीवर बार्टी, सारथी आणि नागपूर येथील महाज्योती या महाराष्ट्रातील संस्थांच्या अधिछात्रवृत्तींचे महत्त्व वेगळे आहे. त्यांच्याकडे सामाजिक न्यायाच्या योजना म्हणूनच पाहिले जाते आणि ते बरोबर आहे. परंतु संशोधनाच्या अर्थकारणाच्या दृष्टीने त्यांचा आणखी एक गुण आहे, जो फारसा कोणी नोंदविलेला दिसत नाही : त्या विद्यार्थ्याचा वेळ विकत घेतात आणि तो कोणत्या विद्यापीठात आहे हे पाहत नाहीत. कळंबच्या मुलाला आलेखांच्या रंगभरणावर पाच वर्षे काम करावयाचे असेल तर, तो संबंधित समाजघटकातील असल्यास, आज हीच एक व्यवहार्य वाट आहे.

म्हणूनच या वाटेवरील अडथळे अधिक खुपतात. अधिछात्रवृत्ती पीएच.डी. नोंदणीच्या दिनांकापासून मिळावी आणि सर्व पात्र अर्जदारांना मिळावी, या मागण्यांसाठी विद्यार्थ्यांना २०२३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. पुढे तिन्ही संस्थांसाठी समान धोरण आले, जागांवर मर्यादा आली आणि सामाईक चाळणी परीक्षा आली. २४ डिसेंबर २०२३ च्या त्या परीक्षेची प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेतून उचललेली असल्याचा आक्षेप आला; १० जानेवारी २०२४ च्या फेरपरीक्षेवर पुणे व नागपूर येथे विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुले कोणता प्रकाश पाडणार, अशा आशयाचे उद्गार एका ज्येष्ठ मंत्र्यांच्या तोंडून निघाले. त्यावर संताप व्यक्त झाला, तो स्वाभाविक होता. मात्र त्या प्रश्नाला आपण प्राध्यापकांनी मनोमन उत्तर द्यावयास हवे होते. पदोन्नतीसाठी पीएच.डी., नोकरीसाठी पीएच.डी. असा व्यवहार आपणच रूढ केला असेल, तर बाहेरच्याला त्यात प्रकाश कसा दिसावा?

उशिरा आलेले वेतन हे सैद्धान्तिक विषयात न आलेल्या वेतनासारखेच असते. प्रयोगशाळेत रसायन उशिरा आले तर प्रयोग पुढे ढकलता येतो. येथे विद्यार्थ्याने मधल्या आठ-दहा महिन्यांत तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालये धरलेली असतात, एस.टी.च्या प्रवासात त्याचा दिवस संपतो, आणि सिद्धतेचा जो धागा हाती आला होता तो सुटतो. थकबाकी एकरकमी जमा झाली तरी तो धागा परत येत नाही.

मूल्यमापनाविषयी थोडे

विषय अनुदानाचा असला तरी एका गोष्टीचा ओझरता उल्लेख करणे भाग आहे. सैद्धान्तिक संगणकशास्त्रात नवे निष्कर्ष प्रथम परिषदांमध्ये प्रसिद्ध होतात. आपल्या देशात १९८१ पासून भरणारी एफएसटीटीसीएस ही परिषद त्यांपैकी एक. आपली गुणपद्धती मात्र नियतकालिकांना महत्त्व देते. दुसरे असे की या शास्त्रात लेखकांची नावे वर्णानुक्रमे देण्याची प्रथा आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार दोनांहून अधिक लेखक असल्यास पहिल्या वा प्रमुख लेखकास ७० टक्के आणि इतरांस ३० टक्के गुण मिळतात. मूळ संख्यांवरील ज्या निबंधाचा वर उल्लेख केला त्याचे लेखक अग्रवाल, कयाल, सक्सेना या क्रमाने आहेत. रकान्यात नुसता क्रम पाहणाऱ्या कारकुनाच्या हातून सक्सेना यांना ३० टक्केच मिळाले असते, आणि तेही आडनावाच्या आद्याक्षरामुळे!

जिल्ह्याचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यात बसून अल्गोरिदमच्या संशोधनासाठी पैसा मागणे ही चैन नव्हे काय, असा प्रश्न सहकाऱ्यांनी अनेकदा केला आहे. कापसाला भाव नाही, पाण्याची शाश्वती नाही, शेतकऱ्याच्या घरातील दुःख वर्तमानपत्राच्या एका स्तंभात मावत नाही. अशा जिल्ह्यातील मुलाने आलेखांचे रंग मोजत बसावे काय? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही.

याला उत्तर म्हणून आयआयटी मुंबईचे मिलिंद सोहोनी यांचे उदाहरण देता येते. मुळमुळे यांच्यासमवेत त्यांनी गणनजटिलतेच्या भूमितीय उपपत्तीचा पाया घातला. त्या मालिकेतील पहिला निबंध २००१ सालचा आहे. अत्यंत अमूर्त असे ते काम. तेच सोहोनी पुढे ग्रामीण तंत्रज्ञानाकडे वळले, राज्यातील महाविद्यालयांना स्थानिक प्रश्नांच्या अभ्यासाशी जोडणाऱ्या उन्नत महाराष्ट्र अभियानात अग्रभागी राहिले, आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावपातळीवरील पाण्याच्या ताळेबंदाची पद्धती आयआयटीच्या ज्या गटाने विकसित केली, त्याचे नेतृत्व त्यांनी केले. त्या प्रकल्पाच्या जिल्ह्यांत यवतमाळ आहे. अर्थात एका व्यक्तीवरून नियम काढणे आलेखशास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. सैद्धान्तिक संशोधन केल्याने पाण्याचा प्रश्न सुटला असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे याहून मर्यादित आहे. दुष्काळी जिल्ह्यातील मुलाला उपयुक्त विषयच द्यावेत आणि अमूर्त विषय महानगरातील मुलांसाठी राखावेत, ही वाटणी न्यायाची वाटते पण ती न्याय्य नाही. कोणत्या डोक्यातून काय निघेल याचा अंदाज अर्ज तपासताना करता येत नाही, आणि त्या डोक्याला पाच वर्षे देण्याचा खर्च २४ लाख रुपये आहे.

केवळ वेतनाने काम भागणार नाही, हेही खरे. मार्गदर्शक हवा. लहान महाविद्यालयात या विषयाचा मार्गदर्शक क्वचितच असतो, आणि असला तरी तो एकटा असतो. पंतप्रधान अधिछात्रवृत्तीतील अध्यापनाची अट उलटी केली तर? मोठ्या संस्थेतील अध्यापक सहमार्गदर्शक, विद्यार्थ्याची नोंदणी आपल्या विद्यापीठात, वर्षातून दोन महिने त्याचे वास्तव्य मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वा चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत, आणि वेतन पूर्ण. प्रवासाची सोयही पूर्वीपेक्षा बरी आहे. २८ फेब्रुवारी २०२४ पासून कळंबला वर्ध्याची रेल्वे आली. अमरावती विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून जेआरएफच्या दराने अशा दोन जागा निर्माण केल्या तरी पहिल्या वर्षीचा वेतनखर्च ८,८८,००० रुपये होईल. अर्जात मात्र 'उपकरणे' या रकान्याच्या वर 'विद्यार्थ्याचा वेळ' असा एक रकाना छापावा लागेल.

ज्या विद्यार्थ्यासाठी तो प्रस्ताव पाठविला होता, तो नेट उत्तीर्ण झाला. जेआरएफ थोडक्यात हुकली. वरील तिन्ही संस्थांच्या कक्षेत तो बसत नव्हता. सध्या तो दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवितो. हिवाळी परीक्षा जवळ आल्या की त्यांपैकी एका महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षांचे वेळापत्रक त्याच्याकडेच येते, आणि तो ते रंगीत पेन्सिलींनी, एका संध्याकाळी, एकही विषय न आदळू देता करून देतो. गेल्या वर्षी त्याने एक सत्र वाचविले.